समुद्रपूरची कढी नागपूरला जाते

रूपराव भोयरांच्या पोरीचं लग्न लागलं, दुपारच्या पंगती उठल्या आणि ऊन कलताना मांडवातली अकरा माणसं ओकायला लागली. दवाखान्याचे डॉक्टर धावत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या अकरा जण उठून चहा मागत होते. पण तोवर समुद्रपुरात एक गोष्ट ठरून गेली होती. स्वयंपाकीण तानाबाईनं कढीत धोत्र्याचं बी घातलं.

लोकांकडे दोन कारणं होती. आदल्या दिवशी तानाबाई आणि रूपरावांची बायको शोभाबाई यांचं मागच्या अंगणात चांगलंच वाजलं होतं, आणि त्याच अंगणात गोठ्याच्या कडेला धोत्र्याचं झाड होतं. भांडण कशावरून झालं हे कोणी विचारलं नाही. रूपरावांनी फिर्याद दिली, आणि पंधरा वर्षं गावातली लग्नं रांधणारी तानाबाई ठाण्याच्या कोठडीत जाऊन बसली.

फौजदार प्रभाकरराव वर्ध्याहून नुकतेच बदलून आले होते. कायद्याची पुस्तकं उशाशी घेऊन झोपणारा माणूस. डॉक्टर त्यांना म्हणाले, "धोत्रा पोटात गेला की माणूस बरळतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. हे नुसते ओकले. आणि ओकले कोण, तर शेवटच्या पंगतीचे. पहिल्या पंगतीला काही झालं नाही."

"मग कढीलाच विचारू, नागपूरला तपासायला पाठवून," प्रभाकरराव म्हणाले.

गंजाच्या, म्हणजे कढी केलेल्या मोठ्या पितळी भांड्याच्या, तळाशी थोडी कढी उरली होती. दोन पंचांसमोर ती औषधाच्या स्वच्छ बाटलीत भरली, बूच घट्ट बसवलं, वरून कापड बांधून लाखेची मोहर केली. तोच ठसा पत्रावर उमटवला. बाटली न्यायचं काम माणिक झाडे या शिपायाकडे आलं. माणिकची नोकरी दोन वर्षांची. तोवर त्यानं समन्सं वाटली होती आणि बाजाराच्या दिवशी बैलगाड्या बाजूला केल्या होत्या.

"ताकाचा पदार्थ आहे," डॉक्टरांनी बजावलं. "उन्हात फसफसला तर बूच उडेल. थंड ठेव."

"आणि बूच उडालं, लाख फुटली, तर पुरावा गेला," प्रभाकरराव म्हणाले. "बाटली कोणाच्या हातात द्यायची नाही. वाटेत जे जे होईल ते वेळेसकट वहीत लिहायचं. पुढं कोर्टात कोणी विचारलं तर ती वही बोलली पाहिजे."

माणिक निघाला तेव्हा तानाबाई कोठडीच्या गजाशी उभी होती.

"पोरा, नागपूरवाल्याले त्या गंजाचं सांगजो. आतली कलई उडाली होती त्याची. मी म्हणलं होतं."

"मले सांगून काय होते, बाई? साहेबाले सांग."

"सांगतलं न. ते म्हणते, कोठडीतला माणूस काई ना काई सांगतेच."

वैशाखाचे दिवस होते. स्टेट बस जांबच्या फाट्यावर येईपर्यंत पत्रा तापून भट्टी झाली. तिथं माणिक नागपूरच्या बसमध्ये बसला आणि बाटली डोळ्यांसमोर धरून पाहिली. कढीला बारीक बुडबुडे येत होते. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि बाटलीला वारा घालायला लागला.

कंडक्टर येऊन थांबला. "दारू आहे का?"

"कढी आहे."

"कढीले पोलीस कायले लागते?"

माणिक टोपी हलवत राहिला. शेजारी हिंगणघाटहून आलेली एक वयस्क बाई बसली होती, आनंदाबाई. लेकीसाठी नेत असलेलं नवं मडकं तिच्या मांडीवर होतं. ती बराच वेळ टोपीचा वारा बघत राहिली.

"काऊन वारा घालून राह्यला तिले? लेकरू आहे का ते?"

माणिकनं तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, बस सुटायच्या आत मडकं घेऊन खाली उतरली आणि नळावरून पाणी भरून आणलं.

"ठेव याच्यात."

"बाटली सोडता येत नाई मले."

"मग तू बाटली धर, मी मडकं धरतो."

बुटीबोरीपर्यंत दोघं तसेच गेले. मडकं आनंदाबाईच्या मांडीवर, बाटलीची मान माणिकच्या मुठीत. पाणी लाखेला लागू नये म्हणून तो प्रत्येक खड्ड्याला हात वर घ्यायचा. अर्धी बस त्यांच्याकडे बघत होती. मधल्या एका गावाला हात बदलून त्यानं वहीत लिहिलं: 'जांब, बारा वाजून दहा. बाटली पाण्यात गळ्याखाली ठेवली. मडकं मातीचं, नवं. मालकीण आनंदाबाई, राहणार हिंगणघाट.' बुटीबोरीला उतरताना आनंदाबाई मडकं त्याच्याकडेच ठेवून गेली. लेकीला दुसरं घेऊ म्हणाली.

नागपूरला सरकारी रासायनिक तपासनिसाच्या कचेरीत एक किडकिडीत अधिकारी भेटले. त्यांनी बाटली पुसली, भिंगातून लाख पाहिली, पत्रावरचा ठसा बाजूला धरून ताडून पाहिला. मग पावती लिहिली. माणिकला वाटलं होतं की कोणी तरी शाबासकी देईल. अधिकारी म्हणाले, "पत्रात धोत्रा आहे का एवढंच विचारलंय."

माणिक थोडा घुटमळला. "साहेब, ती स्वयंपाकीण गंजाच्या कलईचं म्हणत होती. मले पत्रात लिहायले सांगतलं नाई कोणी."

"कोण काय म्हणतं ते माझ्या कामाचं नाही."

"जी."

"पण आंबट ताक उघड्या पितळेत सहा तास राहिलं तर कळकतं, हे माझ्या आईलाही ठाऊक होतं. तांबंही तपासतो." त्यांनी टेबलावरचा एक तांब्याचा पैसा उचलला, काचेच्या नळीत कसल्याशा तेजाबात टाकला, थोड्या वेळानं त्यातलं पाणी दुसऱ्या नळीत ओतून त्यात नाकाला झोंबणारं औषध घातलं. पाणी एकदम गर्द निळं झालं. माणिक खाली वाकून बघतच राहिला.

"तांबं असलं की असं. तुमच्या कढीचं काय होतं ते कागदावर येईल. तोवर माझंही काही म्हणणं नाही."

कागद यायला तीन आठवडे लागले. तानाबाई जामिनावर घरी आली होती, पण वैशाखातली उरलेली सगळी लग्नं दुसऱ्याच बायकांनी रांधली. ती पाण्याला निघाली की विहिरीवर जागा रिकामी व्हायची. माणिक बाजारातून जाताना तिच्या दारावरून जायचं टाळायचा. तिनं काही विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्न होता.

कागदावर दोन ओळी होत्या. धोत्रा किंवा दुसरं कुठलंही वनस्पतीचं विष आढळलं नाही. तांब्याचे क्षार भरपूर आढळले, उलटी होण्याइतके.

प्रभाकररावांनी त्या ओळी दोनदा वाचल्या आणि उठून टोपी घातली. पंच घेऊन ते भोयरांकडे गेले. शोभाबाईनं गंज चिंचेनं घासून लखलखीत ठेवला होता. कलईचं भांडं आतून पांढरं दिसतं. हा गंज आतून सोन्यासारखा पिवळा होता. फौजदारांनी तो जप्त केला. परत येताना ते माणिकला म्हणाले, "बाईनं मला पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. तेव्हाच हा गंज ताब्यात घ्यायला पाहिजे होता."

हिंगणघाटच्या कोर्टात पोलिसांनी गुन्हा बनत नाही असं कळवलं. पण रूपरावांना ते पटेना. त्यांना आपल्या मांडवात आपल्याच भांड्यानं पाहुणे आजारी पडले हे मान्य करणं जड जात होतं. त्यांनी हरकत घेतली आणि वकील दिला. माणिकला साक्षीला बोलावलं.

"तुम्ही बाटली पाण्याच्या भांड्यात ठेवून नेली," वकील म्हणाले. "बसमधल्या लोकांनी पाहिलंय."

"हो."

"तांब्याच्या तांब्यात?"

"मातीच्या मडक्यात, साहेब."

"कशावरून?"

माणिकनं वही उघडली आणि वाचली. जांब, बारा वाजून दहा. मडकं मातीचं. मालकीण कोण, राहणार कुठली. मग बुटीबोरी. मग पुढचा एक खड्डा, ज्यात पाणी बाहेर सांडलं पण लाखेला लागलं नाही. मॅजिस्ट्रेटांनी खाली मान घालून हसू लपवलं. मग नागपूरच्या पावतीवरची ओळ मोठ्यानं वाचली, मोहर शाबूत मिळाली.

वकील बसले. मॅजिस्ट्रेटांनी शोभाबाईला पुढं बोलावलं.

"गंजाला कलई कधी केली होती?"

शोभाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग पदर सारखा केला. "तीन वर्सं झाले असन. तानाबाईनं मले आदल्या दिवशी म्हणलं होतं, याच्यात कढी करायले लावू नको म्हणून. घरात पाहुणे आलते. मी म्हणलं, एका दिवसानं काय होते. त्याच्यावरूनच भांडण झालं."

"हे फौजदारांना का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं नाई," ती म्हणाली. "अन् मीही सांगतलं नाई."

मॅजिस्ट्रेटांनी दोष कलई उडालेल्या गंजाचा ठरवला, रूपरावांची हरकत फेटाळली, आणि तानाबाई सुटली. कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली ती बराच वेळ बसून राहिली. माणिकनं तिला पाणी आणून दिलं.

"मी जे पहिल्या दिवशी बोलली तेच आज साहेब बोलले," ती म्हणाली. "मंग माह्या बोलण्याची किंमत काऊन नाई?"

माणिक तिच्यासमोर उकिडवा बसला. "तू म्हणली होती म्हणून तर मी नागपुरात तोंड उघडलं, बाई. नाई तर त्यायनं धोत्राच पाहिला असता."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, पेला रिकामा केला आणि उठली.

समुद्रपुरात आल्यावर चार दिवस काहीच घडलं नाही. पाचव्या दिवशी ऊन उतरल्यावर शोभाबाई एकटीच तानाबाईच्या दारात आली. उंबऱ्यापाशी उभी राहिली. तानाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं आणि बसायला पाट सरकवला.

"पोरगी बरी आहे का सासरी?" तानाबाईनं विचारलं.

"बरी आहे. सासू थोडी कडक आहे."

"राहू दे. वर्सभरात होते सगळं नीट."

शोभाबाईनं सूप आपल्याकडे ओढलं आणि खडे वेचायला लागली. बोलायचं होतं ते ती तांदूळ संपत आल्यावर बोलली, अगदी हळू. तानाबाईनं मान हलवली आणि चुलीवर चहाचं आधण ठेवायला आत गेली.