खंडेनवमीची टाकी

खंडेनवमीला आमचे मालक अण्णासो यांनी कारखान्यातली मोठी टाकी आतबाहेर धुवून तिची पूजा केली. हळद-कुंकू, नारळ, झेंडूची माळ. त्याच टाकीत आम्ही करंजाच्या बियांच्या तेलाचं बायोडिझेल करतो. प्रयोगशाळा माझ्याकडे; टाकी आतून धुवू नका, असं मी सांगितलं होतं. तळाशी पाणी राहिलं, तर त्यात घातलेलं कॉस्टिक पोटॅश तेलाचं डिझेल करत नाही, साबण करतं. दसऱ्याला सकाळी मी पुन्हा म्हणाले, "आधी टाकी तापवून कोरडी करू."

"मुहूर्त टळतोय, म्याडम," म्हणत अण्णासोंनी स्वतःच्या हातानं तेल सोडलं.

आज गुंडू चौगले टेम्पो घेऊन कागलच्या आमच्या शेडवर आला. त्याच्या दुधाच्या गाड्या आमच्या डिझेलवर चालल्या, तरच कारखाना चालणार होता. "गुंडूनं माल उचलला न्हाय, तर उद्यापास्नं येऊ नका," असं अण्णासोंनी मला आधीच ऐकवलं होतं.

मी बाटलीत अर्धं डिझेल, अर्धं पाणी घेऊन हलवलं. चांगलं डिझेल थोड्या वेळात वर येतं, पाणी खाली बसतं. हे ताकासारखं पांढरं झालं आणि तसंच राहिलं.

"हे देता येणार नाही. इंजिनचा फिल्टर चोंदेल."

"बाटलीतलं बाटलीत ठेवा. आज्जापास्नं तेलाचा धंदा हाय आमचा, तुमी आमाला तेल शिकवताय व्हय? कृष्णात, पायप लाव रं!"

गुंडू टेम्पोच्या टाकीचं झाकण हातात धरून उभा होता. "अण्णासो, खरं कुणाचं धरू?"

"अण्णासोंची ही जीप डिझेलवरच चालते," मी गुंडूला म्हणाले. "पहिल्यांदा तिच्यात घाला."

आमचा कामगार कृष्णात पाइप घेऊन जीपकडे वळलासुद्धा.

"ए! ठेव खाली!" अण्णासो ओरडले.

गुंडूनं झाकण फिरवून घट्ट केलं. "कळ्ळं. माज्या गाड्या काय वाटंवर पडल्याल्या न्हाईत, अण्णासो." टेम्पो निघून गेला.

अण्णासो माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "झालं समाधान? किल्ली टाका आन् चालू लागा."

मी प्रयोगशाळेची किल्ली टाकीच्या कडेवर, सुकलेल्या माळेशेजारी ठेवली. दारापर्यंत पोचले, तेव्हा मागून आवाज आला, "आन् ह्ये एवढं सगळं कुठं ओतू आता?"

"ओतू नका," मी म्हणाले. "साबण आहे तो. पुढच्या खंडेनवमीला टाकी धुवायला होईल."