पुलापलीकडची टुकी

समोरच्या इमारतीतले दिवे लागायला लागतात. नेमक्या त्याच वेळी आई खुर्चीतून उठते, खिडकीचा पडदा सारते आणि म्हणते, “टुकी अजून घरी आली नाही.”

टुकी म्हणजे मी. चहाचा कप हातात घेऊन मी तिच्या मागेच उभी असते.

सुरुवातीला मी सांगून बघायची, “अगं आई, ही काय मी.” मग ती वळून मला नखशिखान्त न्याहाळायची आणि तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. एक परकी बाई घरात शिरली आहे आणि आपल्याच मुलीचं नाव सांगते आहे, असं वाटल्यावर कुठल्याही आईचं होईल तेच तिचं व्हायचं. एकदा ती तशीच अनवाणी जिना उतरून खाली गेली. मी कामावरून परतत होते. रस्त्याच्या मधोमध उभी राहून ती येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या काचेतून आत डोकावत होती आणि गाड्या करकचून ब्रेक मारत होत्या. तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

दादाला हे कळलं तेव्हा तो फोनवर एवढंच म्हणाला, “पुन्हा असं झालं तर मी तिला संस्थेत ठेवणार. तुझं एक ऐकणार नाही.” माझा भाऊ बोलल्याप्रमाणे वागतो, ही आमच्या घरातली फार जुनी अडचण आहे.

दिवसभर आईपाशी सांभाळणाऱ्या मावशी असतात. संध्याकाळ माझी. आणि संध्याकाळी आईला घरात धरून ठेवणारी गोष्ट एकच, तीही माझ्या कपाटातली.

मी जुने व्हिडिओ गेम जमवते. माझ्या वयाच्या बायका दागिने करतात, मी प्लास्टिकच्या कॅसेटी आणते. दादा त्याला भंगार म्हणतो, आणि भंगारवाल्यालाही ते भंगारच वाटलं होतं म्हणून तर मला मिळालं. लोकांना वाटतं, जमवणाऱ्या माणसाला वस्तूंचा मोह असतो. मोह कसला डोंबलाचा, धास्ती असते. पांढरं प्लास्टिक पिवळं पडत जातं, बटणांखालचं रबर कडक होतं, लेबलाचा गोंद सुटतो. आपण आपलं पुसायचं, झाकायचं, उन्हापासून लांब ठेवायचं. सगळं जाणारच आहे, फक्त माझ्या देखत नको, एवढंच मागणं.

त्यातली एक करडी कॅसेट आमच्या लहानपणीची. तिच्या लेबलाचा कोपरा मी दातांनी कुरतडलेला आहे. आई तेव्हा लाँड्रीत इस्त्रीला होती. घरी आली की पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि आमच्या हातातला कंट्रोलर काढून घ्यायची. तिच्या भाषेत रिमोट. खेळातल्या मुलीला नाव द्यायला मोजके खण होते, त्यात तिने ‘टुकी’ बसवलं. दादा तेव्हा आठवडाभर फुगून बसला होता.

खेळ सुरू व्हायचा तो असा. मुलगी आपल्या घरी झोपलेली, उशाशी तिची आई. बटण दाबलं की ती आई मुलीला उठवायची आणि राक्षसाशी लढायला धाडायची. आमची आई भडकली होती. “कसली आई म्हणायची ही? झोपलेल्या पोरीला उठवून राक्षसाच्या तोंडी देते!” पुढे मुलगी नदी ओलांडायची आणि तिच्या पाठोपाठ पूल कोसळायचा. परत फिरायची सोयच नाही. पलीकडे एक गाव, गावात एक सराय. आईने टुकीला त्या गावातून कधी हलवलंच नाही. वेशीबाहेर जाऊन दोन-चार बेडूक मारायचे, परत यायचं, सरायीत पलंगावर झोपवायचं. तिथे झोपवलं की खेळ जिथल्या तिथे जपून राहायचा. असं वर्षानुवर्षं. दादा आणि मी ओरडायचो, “आई, पुढे जा की!”

“पुढे काय आहे मला ठाऊक नाही,” आई म्हणायची. “इथे अंथरूण आहे.”

त्या अनवाणी प्रकारानंतर एका संध्याकाळी, काही सुचेना म्हणून, मी ती कॅसेट लावली. पडद्यावर सराय आली. पलंगावर टुकी, गळ्यापर्यंत पांघरूण. खिडकीपाशी उभी असलेली आई वळली. टीव्हीजवळ जाऊन तिने काचेला बोट लावलं. “इथे आहे होय,” म्हणाली. “झोपली.” आणि खुर्चीत बसून तिने चहा प्यायला. तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच आमचं औषध.

पण या कॅसेटींची आठवण एका चपट्या सेलवर चालते. आत बटणाएवढा सेल असतो, तो जिवंत तोवर खेळ जपलेला. सेल संपला की सगळं पुसलं. माझ्याकडे याच खेळाच्या आणखी तीन कॅसेटी आहेत. एक तर सीलबंद खोक्यातली, जमवणारे त्यावर डोळा ठेवून असतात. पण तिन्हींत टुकी नाही.

गेल्या आठवड्यात मी कॅसेट लावली आणि पडद्यावर सरायीऐवजी नावाची नुसती रिकामी चौकट आली. आई मागे विचारत होती, “कुठेय? कुठेय?” मी कॅसेट काढली, पिना पुसल्या, पुन्हा लावली. टुकी आली. आईने सुस्कारा सोडला. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडावर टॉवेल दाबून रडले. सेल शेवटच्या घटका मोजत होता.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. हात स्थिर ठेवणं हाच माझा धंदा. असले सेल मी बाकीच्या कॅसेटींमध्ये कितीदा बदललेत, शिट्टी वाजवत बदललेत. युक्ती सोपी आहे. जुना सेल काढायच्या आधी बाहेरून दोन तारांनी दुसरा सेल जोडून ठेवायचा, म्हणजे मधल्या वेळात आठवणीला वीज मिळत राहते. तार सुटली की खेळ खलास.

सुट्टीच्या दिवशी मी लॅब उघडली. आजूबाजूला प्लास्टरचे जबडे वासून बसलेले, जणू सगळे बघायलाच आलेत. कॅसेट उघडली. तारा लावल्या. तारा हलू नयेत म्हणून मी, सवयीप्रमाणे, चिकट मेणाचा थेंब टाकला. आमच्याकडे मोडलेल्या कवळीचे तुकडे असेच मेणाने धरतात. दिवसातून दहादा मी हे करते, त्यामुळे डोकं चालवायची गरजच पडली नाही. तिथेच घात झाला. जोड वितळवायला सोल्डर गन टेकवली, जुना सेल सुटला, आणि त्या उष्णतेने मेण पाघळलं. तार बाजूला सरकली होती. कधी सरकली? सेल सुटायच्या आधी की नंतर? मला दिसलंच नाही. वर्षानुवर्षं मेणाशी खेळणारी मी, आणि मेण तापलं की वितळतं हे विसरले! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

नवा सेल बसवला, झाकण लावलं. लॅबमध्ये टीव्ही नाही. घरी जाईपर्यंत कॅसेट पदराआड लपवल्यासारखी पोटाशी धरून चालत होते आणि मनात एकच, असू दे, असू दे, आत असू दे.

घरी दार दादाने उघडलं.

“तू आज कसा?”

“म्हटलं, संध्याकाळ कशी असते ते डोळ्यांनी बघावं.” त्याच्या हातात गाडीची किल्ली होती. “आई छान आहे की. मला लगेच ओळखलं.”

त्याला ओळखलं. महिन्यातून एकदा येणाऱ्याला. मी चपला काढल्या.

समोरच्या इमारतीत पहिला दिवा लागला. आई उठली. पडदा सरकला. “टुकी अजून घरी आली नाही.”

“आई, ही काय टुकी,” दादा म्हणाला, आणि माझा दंड धरून त्याने मला पुढे केलं. मला वाटलं, त्याचं तोंड दाबावं.

आईने माझ्याकडे बघितलं. मग दादाकडे. तिचा श्वास चढला. “ही कोण? ही रोज येते. माझी मुलगी कुठे ठेवलीय हिने?” ती दाराकडे निघाली. दादा आडवा झाला, तशी तिने त्याच्या छातीवर मुठी मारायला सुरुवात केली. “सोड! बाहेर अंधार पडतोय! पोर पलीकडे अडकलीय!”

“हे रोज असं?” दादाने मला विचारलं. त्याचा आवाज चिरकला होता. तोही घाबरला होता, आणि घाबरलेला दादा लगेच निर्णय घेतो. “बास झालं. मी उद्याच संस्थेत बोलतो.”

मी कॅसेट खाचेत बसवली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. बटण दाबलं.

सराय आली नाही. रिकामी चौकट आली. कॅसेट काढली, पिना पुसल्या, लावली. रिकामी. पुन्हा. रिकामी. टुकी गेली होती. पलंग, पांघरूण, बेडूक, आईच्या त्या सगळ्या संध्याकाळी, माझ्या हातून, मेणाच्या एका थेंबापायी गेल्या होत्या. मी टीव्हीसमोर जमिनीवर बसले आणि मला हुंदका आवरेना.

माझ्या रडण्याने असेल किंवा खेळाच्या ओळखीच्या सुरावटीने, दाराशी चाललेली झटापट थांबली. आई पडद्याकडे बघत होती. रिकामी चौकट जाऊन तिथे खेळाचा प्रश्न आला होता: नाव काय?

आई माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्या हातातला रिमोट तिने काढून घेतला, पूर्वी घ्यायची तसाच, न विचारता. आता तिला जमलं नाही तर? नाव आठवलं नाही तर? तिचा अंगठा चौकटीतल्या अक्षरांवरून सरकत गेला, एकदा पुढे गेला, मागे आला. अक्षरामागून अक्षर बसत गेलं. टुकी.

पडदा काळा झाला आणि मग हळूहळू घर उजळलं. पलंगावर मुलगी झोपलेली. उशाशी तिची आई.

पुलाच्या अलीकडचं घर. इतकी वर्षं मी हा खेळ जपला, आणि सुरुवातीला टुकी घरीच असते हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

आई पुढे झुकली. काचेला बोट लावून तिने आधी मुलीला हात लावला, मग त्या आईला. “आली,” ती म्हणाली. “आली गं बाई घरी.” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

पडद्याच्या खाली बाण लुकलुकत होता. बटण दाबलं की ती आई मुलीला उठवणार, राक्षसाकडे धाडणार. दादा नकळत पुढे सरकला. “आता दाबायचं का?”

“हात नको लावूस!” आई त्याच्यावर खेकसली. “झोपू दे तिला.” तिने रिमोट मांडीवर पालथा ठेवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

कितीतरी वेळाने दादाने गाडीची किल्ली खिशात टाकली. “उद्याही असंच दिसेल ना हे?” त्याने हळूच विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. याला सेलही लागत नाही. रोज फक्त नाव घालायचं, जोवर तिला येतंय तोवर तिने, मग मी.

खिडकीबाहेर पुरता अंधार झाला होता. आईने वळून माझ्याकडे बघितलं. या वेळी ती घाबरली नाही. माझे रडून लाल झालेले डोळे तिला दिसले असावेत, कारण तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, अनोळखी पण दमलेल्या बाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

“माझी आली घरी,” ती म्हणाली. “आता तुम्हीही निघा बाई. अंधार झालाय. तुमची आई वाट बघत असेल.”