बजाबाईचा तास

कुंडलिक मास्तरांना शेतकीच्या वर्गाला यायचंच नव्हतं. बारा वर्षं त्यांनी करकंबच्या शाळेत मोडी आणि गणित शिकवलं होतं. औत सुटावं म्हणूनच तर ते मास्तर झाले होते. पण वरून हुकूम आला, आणि १९२८च्या भादव्यात आणखी अकरा मास्तरांबरोबर त्यांना सोलापूरबाहेरच्या एका शेतावर सहा महिन्यांसाठी यावं लागलं.

शिकवणारा शिवलिंगप्पा अक्कलकोटकडचा, त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्यानं वह्या मिटायला लावल्या. मास्तरांकडूनच छातीएवढा खड्डा खणवून घेतला आणि एकेकाला आत उतरवून मातीचे थर बोटांनी चाचपायला लावले. दुसऱ्या दिवशी एक घागर नांगरटीवर आणि एक पडीक रानावर ओतली, आणि पाणी कुठं मुरतं, कुठं वाहून जातं ते बघत सगळ्यांना उन्हात बसवलं.

"हे मास्तरांचं शिक्षण की गड्यांचं?" कुंडलिक मास्तर जेवताना म्हणाले. सगळे हसले. त्या दिवसापासून ते सगळ्यांचे पुढारी झाले.

हस्त नक्षत्रात ज्वारीची पेरणी आली. त्या सकाळी शिवलिंगप्पानं बजाबाईला पुढं उभं केलं. ती शेतावर रोजानं यायची. गडी पेरणीची तिफण हाकायचा आणि ती मागून चालत चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीत, मुठीतून दाणे सोडत जायची.

"आज शिकवणार त्या बजाबाई," शिवलिंगप्पा म्हणाला.

"रोजावरची बाई आम्हाला शिकवणार?" कुंडलिक मास्तर म्हणाले. "मला नाही शिकायचं. माझ्या घरी चार पिढ्या पेरणी होते."

"तुमच्या घरी चाड्यावर मूठ कोण धरतं?"

त्यांच्या घरी ते काम बायकांचं होतं. बजाबाईकडं न बघताच मास्तरांनी ओटीत बी घेतलं आणि तिफणीमागं चालू लागले. नंतर बजाबाईनं एक फेरी केली, मग बाकीच्यांनी. प्रत्येकाच्या फेरीपुढं शिवलिंगप्पानं नावाची पाटी रोवली.

त्याच संध्याकाळी कुंडलिक मास्तरांनी वरच्या कचेरीला अर्ज लिहिला: मजूर बाईला शिकवायला लावून शिक्षकांचा अपमान होतो आहे. बाराही जणांच्या सह्या झाल्या.

सहाव्या दिवशी पहाटे ते एकटेच रानात गेले. ज्वारी उगवली होती. त्यांच्या फेरीत कुठं झुबके, कुठं दोन-दोन हात मोकळी जागा. शेजारी बजाबाईची फेरी ओढलेल्या रेघेसारखी. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, दोन्ही पाट्या उपटल्या आणि अदलाबदल करून रोवल्या. बाईला वाचता येत नव्हतं.

वर्ग आला. शिवलिंगप्पा पाट्या वाचत थांबला. "बजाबाई, ही खराब फेरी तुमची निघाली."

ती दोन्ही फेऱ्यांमधून वाकून चालत गेली आणि परत आली. "माजी ही न्हाय. ती पलीकडची माजी."

"पाटीवर लिहिलंय," कुंडलिक मास्तर म्हणाले. "तुला वाचता येतं का?"

"पाटी न्हाय येत. पेरा येतो की."

शिवलिंगप्पानं तिफण मळलेल्या गाडीवाटेवर आणवली. तिथं बी मातीत जात नव्हतं, वरच दिसत होतं. बजाबाईनं चाड्यावर मूठ धरली. मागं दाणे एकसारखे पडत गेले. मग शिवलिंगप्पानं कुंडलिक मास्तरांपुढं बियाची टोपली धरली.

वीस पावलांत दाण्यांचे तीन ढीग पडले आणि मधली वाट कोरी राहिली. कुणी हसलं नाही.

"पाट्या मी बदलल्या," मास्तर म्हणाले.

बजाबाईनं ढिगातले दाणे वेचून ओटीत घेतले आणि ती निघून गेली.

पंधरा दिवसांनी अर्जाचं उत्तर आलं. मजुरांनी शिक्षकांना शिकवू नये, असा हुकूम होता. शिवलिंगप्पानं तो मोठ्यानं वाचला आणि कागद कुंडलिक मास्तरांच्या मांडीवर टाकला. "घ्या. जिंकलात." त्यानंतर तो त्यांच्याशी कामापुरतंच बोलला. सह्या करणारेही त्यांच्या पंगतीला बसेनासे झाले.

दिवाळीनंतर एका दुपारी मास्तर खुरपणीच्या रानात गेले. बजाबाई पातीला, म्हणजे खुरपायच्या आपल्या पट्ट्याला, लागली होती.

"मला मूठ शिकवा," ते म्हणाले. तिला ते पहिल्यांदाच अहोजाहो करत होते.

तिनं पात संपवली. मगच वर बघितलं. "हुकूम हाय न्हवं, बाईनं शिकवू न्हाय म्हणून?"

"तो माझ्यामुळं आला."

"ठावं हाय." तिनं खुरपं कमरेला खोचलं. "शिकिवते. न्हायतर तुमी पोरास्नी असंच वाकडं शिकिवणार. पर माफ केलं असं समजू नका."

तिनं मास्तरांच्या मुठीत वाळू भरली आणि त्यांना बांधावरून चालवलं. मूठ आवळली की ती मनगटावर फटका मारायची. "करंगळी सैल सोडा. पावलाबरुबर." दुसरं काही बोलायची नाही. आठ दिवस दुपारी असं चाललं. नवव्या दिवशी वाळूची धार कुठंही तुटली नाही.

"आता जमलं ना, बाई?" मास्तरांनी विचारलं.

बजाबाईनं धार शेवटपर्यंत बघितली, पदर खोचला आणि पुढच्या पातीला बसली.