रांगेतले हुकूम

शेंद्र्याकडं कारखाने वाढत गेले आणि पाणी आटत गेलं, त्या वर्षांतली ही गोष्ट. औद्योगिक वसाहतीतल्या पाण्याच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह तेव्हा नव्यानंच कॉम्प्युटरवर गेले होते. ऑपरेटरनं स्क्रीनवर 'उघड' दाबलं, की तो हुकूम ऑफिसातल्या सर्व्हरवर जाऊन बसायचा आणि तिथून व्हॉल्व्हला कळायचा. एका हुकुमाला व्हॉल्व्ह चार बोटं उघडे. हातानं फिरवायची चाकं गंजून बसली होती. पण साहेब लोकांना चाकाला ग्रीस लावण्यापेक्षा स्क्रीनचं उद्घाटन करण्यात गोडी जास्त.

सर्व्हर सांभाळायचा सुदर्शन, मेंढरं राखणाऱ्या घरातला, डिप्लोमा झालेला पोरगा. त्या सकाळी एक डिस्क बदलायची होती, म्हणून त्यानं येणारे सगळे हुकूम थांबवून ठेवले. थांबवले म्हणजे फेकून दिले नव्हेत. ते दाराशी ताटकळत उभे राहतात आणि दार उघडलं की आल्या क्रमानं आत शिरतात. हे त्याला तोंडपाठ होतं.

व्हॉल्व्ह हलणारच नाही, तर तेवढ्यात मोठी टाकी धुऊन घ्या, असं त्याचे साहेब नानासाहेब म्हणाले. सुदर्शनला बरंच वाटलं. त्याचा भिकनमामा दुष्काळात मेंढरं विकून मजुरी शोधत हिंडत होता. त्यानं मामालाच बोलावून घेतलं. मामा टाकीत उतरला आणि जिथं पाइप येऊन पडतो त्या आतल्या बुटक्या कप्प्यात रांगत शिरून गाळ खरवडू लागला. सरूमामी वर झाकणापाशी बसून बादल्या ओढत होती.

उतरायच्या आधी मामानं विचारलं होतं, "पाणी तर नाय ना यायचं?"

"मी हाय की तिथं, मामा," सुदर्शन म्हणाला होता.

दुपारी डिस्क बसली. गाळ अजून निम्मा राहिला होता, आणि इतर टाक्यांवरच्या कारखान्यांचे फोन सुरू झाले. नानासाहेब म्हणाले, सोडा हुकूम, मोठ्या टाकीचं 'उघड' कुणी दाबलं नाही म्हणजे झालं. मामाला आधी वर बोलवावं, असं सुदर्शनच्या मनात येऊन गेलं. पण साहेब घाबरट म्हणतील, ही लाज आडवी आली. मग त्यानं मोठ्या टाकीचा ऑपरेटर रामप्रसाद याला पंपहाउसवर फोन केला आणि बजावलं, की मी सांगेपर्यंत टाकीला हात लावू नको.

"नाय लावत," रामप्रसाद म्हणाला. तो खरंच बोलत होता.

सुदर्शननं हुकूम सोडले.

स्क्रीनवर मोठ्या टाकीचा व्हॉल्व्ह चार बोटं उघडला. मग आठ. मग बारा.

त्या साली आसपासच्या गावांत बाया टँकर यायच्या आधीच रांगेत घागरी मांडून ठेवायच्या, एक नाही, चार-चार; जिची घागर पुढं तिला पाणी. रामप्रसाद तसल्याच एका गावचा. सकाळी स्क्रीन गप्प दिसली, तेव्हा दुसऱ्या टाकीवाल्यांनी पुढं घुसू नये म्हणून त्यानं 'उघड' दाबून दाबून आपला नंबर लावून ठेवला होता. सुदर्शनच्या आईचाही टँकरवर हाच रिवाज. आणि या शहाण्यानं रामप्रसादला पुढचं तेवढं विचारलं, मागचं विचारलंच नाही.

आता सुदर्शनचं डोकं चालेना, हात चालला. सकाळी जे केलं होतं तेच हातानं पुन्हा केलं, त्यानं हुकूम थांबवले. व्हॉल्व्ह होता तिथं थांबला, उघडाच. पलीकडं रामप्रसाद आकडे बघून घाबरला होता आणि 'बंद' दाबत सुटला होता. त्याचे ते सगळे 'बंद' दाराशी येऊन उभे राहत होते, उरलेल्या 'उघड'च्या मागं.

हे सुदर्शनच्या ध्यानात आलं. 'बंद' पोचवायचा, तर आधी व्हॉल्व्ह सताड उघडू द्यायला हवा होता. मधलं काढून टाकायची सोय नव्हती. त्यानं मामीला फोन लावला, तर त्यात नुसताच पाण्याचा आवाज. त्यानं डोळे मिटून घेतले आणि हुकूम सोडले. व्हॉल्व्ह पुरता उघडला. मग, किती वेळानं कोण जाणे, मिटायला लागला.

तो टाकीकडं पळत सुटला. मामी झाकणापाशी पालथी पडून, कोपरापर्यंत हात आत घालून पाणी चाचपत होती. त्याची चाहूल लागली तशी तिनं मान वर केली.

"पाणी थांबलं रं बाळा," ती म्हणाली. "आता ह्यांना वर यायला सांग."