चाळणीवरचं ताट

बारकीने लिहिलेला प्रोग्राम रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सुरू होऊन आठवडा झाला होता, आणि आठवडाभर त्याचं एकच पालुपद चाललं होतं: 'चूक झाली. नमुना पुन्हा घ्या.' नळी कमी भरली तरी तेच, रक्त गोठलं तरी तेच.

लॅबमध्ये रक्त घ्यायला होती तिची सख्खी मावशी. तिने आज भाचीला बोलावूनच घेतलं.

"बारके, ते आजोबा बघ. तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा कुठे शीर सापडली. आता हा तुझा लाडका म्हणतो, पुन्हा घ्या. तूच सांग त्यांना."

आजोबांचा हात कोपराशी निळा पडला होता. बारकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं तर या चुका ओळखण्यावरच तिने सगळ्यात जास्त जीव ओतला होता. प्रोग्रामची भाषा 'फंक्शनल' म्हणतात त्या जातीची, मोठी काटेकोर. तिच्यात तिने प्रत्येक चुकीचा स्वतंत्र प्रकार बनवला होता. सगळ्या चुका एकसारख्या लिफाफ्यातून यायच्या, आणि आत कोणती चूक आहे ते प्रोग्राम चालतानाच उघडून बघायचं. उद्या नवी चूक निघाली तरी लिफाफा तोच. मग माशी शिंकली कुठे?

तिने कोड उघडला. लिफाफ्याला विचारायचे प्रश्न ओळीने मांडले होते. रक्त गोठलंय का? नळी कमी भरलीय का? माहिती अर्धवट आहे का? आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, तिनेच सावधगिरी म्हणून टाकलेली ओळ: चूक कुठलीही असो, नमुना पुन्हा घ्या. प्रोग्राम वरून खाली वाचत जायचा आणि जुळेल त्या पहिल्या ओळीवर थांबायचा, म्हणून तिथेच सगळ्यांची बोळवण होत होती. खालचे प्रश्न आठवडाभर कुणी विचारलेच नव्हते.

"मावशी, चाळणीखालचं ताट मी चाळणीवर ठेवलं गं!"

"धन्य आहेस. आता काढ ते."

बारकीने ती ओळ सगळ्यात खाली नेली आणि तिचे शब्दही बदलले: 'चूक ओळखता आली नाही. मावशींना विचारा.' मग आजोबांची तीच नळी पुन्हा नोंदवली. दोघी पडद्याकडे वाकल्या.

'नमुना ठीक. वय लिहिलेलं नाही.'

मावशीने सुईचं पाकीट न फोडताच खणात टाकलं. "आजोबा, वय किती हो तुमचं?"

"एक्याऐंशी. का?"

"काही नाही. झालं तुमचं."

दोघींचं मत बदलायच्या आत आजोबांनी बाही खाली ओढून मनगटाचं बटण लावून टाकलं.