निवृत्तांची भिंत

रंगाचा कारखाना चालवणाऱ्यांनो, आरोप तुमच्यावर आहे आणि तो तोंडावर केलेला बरा. बाराशे छटा विकता. डब्याडब्यावर छापता की रंगाशिवाय जगण्यात मजा नाही. आणि कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून दाराशी दोन भिंती सजवल्यात: डावीकडे कामावर असलेल्यांचे फोटो, रंगीत, उजवीकडे निवृत्तांचे, काळे-पांढरे. माणूस राबतोय तोवर त्याला रंग, राबणं संपलं की राखाडी. ही अक्कल कुणाची?

त्या उजव्या भिंतीचे प्रताप ऐका. गोदामवाले काका चांगले धडधाकट, रोज पोहायला जातात. जुन्या मंडळींना भेटायला म्हणून कारखान्यात गेले, तर दारावरचा नवा रखवालदार त्यांना बघून दोन पावलं मागे सरला. बिचारा आठवडाभर रोज सकाळी काकांच्या फोटोपुढे मान झुकवत होता. काका म्हणाले, “झुकव, झुकव. आगाऊ जमा राहील.”

त्याच भिंतीवर आता डोळसबाईंचा फोटो लागायचा होता. हे नाव कारखान्यानंच पाडलेलं. गिऱ्हाईक कुठल्याशा भिंतीचा टवका घेऊन यायचं, हाच रंग हवा म्हणायचं, आणि बाई नुसत्या नजरेनं तो जुळवून द्यायच्या. चौतीस वर्षं. पुढे त्या कामाला यंत्र आलं. यंत्राचं गणित फसलं की हाक पुन्हा बाईंनाच. आता त्या त्र्याहत्तर वर्षांच्या. लेक फोटोग्राफर, लग्नांपासून शाळांपर्यंत मिळेल ते काम करणारी. तेव्हा कारखान्याचं पत्र आल्यावर फोटो कोण काढणार हा प्रश्नच नव्हता. पत्रात दोन अटी होत्या: फोटो कृष्णधवल, चेहरा गंभीर.

लेकीनं आईला स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवलं. आईनं गळ्यात लाल स्कार्फ घेतला होता, त्यावर हिरवी पानं.

“आई, गंभीर हो.”

“झालेय की.”

“हसतेयस.”

“हा माझा गंभीर चेहरा. तुझ्या बापाला विचारायचं होतंस, तो या चेहऱ्याला टरकून असायचा.”

लेकीनं तीस-चाळीस फोटो काढले, संगणकावर घेतले आणि उघडल्या उघडल्या एका बटणासरशी सगळ्यांचा रंग काढून टाकला. मग आईला बोलावलं. आईनं चष्मा कपाळावर सरकवला, नाक पडद्याला टेकेल इतकी वाकली.

“पानं कुठं गेली?”

खरंच, स्कार्फवर पानं नव्हती. नुसतं राखाडी फडकं.

“सारख्या गडदपणाचा लाल आणि हिरवा, दोघांचाही एकच राखाडी होतो,” आई म्हणाली. “नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायची. आणि माझीच लेक माझी बाग उपटून बसली.”

“त्यांची अटच आहे ना तशी. आणि तुला छान दिसतंय. भारदस्त.”

“भारदस्त मी कधी होते गं? रंगीत दाखव.”

लेकीचा हात जागच्या जागी थांबला. अट कारखान्याची होती हे खरं, पण पत्र यायच्या आधीपासून, गेली पाच वर्षं, ती आईला काळ्या-पांढऱ्यातच टिपत आली होती. लोकांना सांगायची, मला त्यात सावल्या आवडतात. सावल्या कसल्या, थाप होती. रंगीत फोटोत आईच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर झालेला दिसे. हातावरच्या शिरा दिसत, गालावरचे डाग दिसत. काळ्या-पांढऱ्यात हे सगळं गुडूप होई, आणि लेकीला रात्रीची झोप लागे.

“दाखवतेस की मी दाबू बटण? यंत्रांना मी भीत नाही, दोन यंत्रं खोटी पाडलीत.”

लेकीनं बटण दाबलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, “एकशे बेचाळीस.”

“काय?”

“गालावरचा हा डाग. शेड नंबर एकशे बेचाळीस, उकळलेला चहा. कपाळावरचा एकशे चव्वेचाळीस, तो जरा लालसर मारतो. अगं, इकडे बघ ना. ही शीर बघ. शाळांच्या खिडक्यांना हीच निळी जायची, टनांनी. आणि केस पांढरे म्हणतेस, ते पांढरे नाहीत. आमच्याकडे अकरा पांढरे होते, त्यातले चार माझ्या डोक्यावर आहेत. दात हस्तिदंती. महागातली शेड होती ती, बंगलेवाले घ्यायचे.”

लेक वळली. आईचं बोट पडद्यावर असं फिरत होतं, जणू कुणीतरी तिच्यापुढे नवंकोरं शेडकार्ड उघडून ठेवलंय.

“आणि डोळे?” लेकीनं विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

“जुन्या वार्निशचा हात फिरलाय. त्यात काय? डॉक्टरला दाखवलेत, वयाचं आहे म्हणाला. तू त्यालाच घाबरून बसली होतीस होय?”

“रंगीत बघितलं की तू म्हातारी दिसतेस, आई.”

“मग म्हातारीनं काय दिसावं? काळ्या-पांढऱ्यात मी म्हातारी दिसत नाही, हे खरं. गेलेली दिसते. त्यापेक्षा हे काय वाईट?”

लेकीला हसूही आलं आणि नाकही ओढावं लागलं. मग दोघी शेजारी बसल्या आणि तासभर आईचा चेहरा वाचत राहिल्या. हनुवटीखालच्या एका छटेला नंबर सापडेना. आई म्हणाली, “ही माझ्यानंतर काढली असेल.”

दुसऱ्या दिवशी मोठी रंगीत प्रिंट घेऊन दोघी कारखान्यात हजर. साहेब तरुण, बोलायला गोड. प्रिंट बघून म्हणाले, “मावशी, फोटो सुंदर आहे. पण कृष्णधवल असं ठरलंय. सगळे एकसारखे दिसतात. शिवाय त्यात आदर दिसतो.”

“दाराशी डावीकडच्या भिंतीवर तुमचा फोटो आहे ना? निळा शर्ट घातलेला?”

“हो.”

“म्हणजे तुम्हाला आदर नको?”

साहेबांनी टेबलावरचे कागद सारखे केले. “तसं नाही. निवृत्तांचं वेगळं.”

“हे बघा, राखाडी मला शिकवू नका,” डोळसबाई म्हणाल्या. “आमच्या रंग जुळवायच्या खोलीत एक राखाडी भिंत होती. रंग बघून बघून डोळे दमले की आम्ही तिच्याकडे तोंड करून बसायचो, काहीच दिसू नये म्हणून. तुमचा आदर त्या जातीचा आहे.”

लेक दाराशी उभी होती. आईला आवरावं, असं काल असतं तर तिला वाटलं असतं. तिनं पुढे होऊन खुर्ची सरकवून दिली. आई ऐसपैस बसली.

“शेवटच्या दिवशी सुटायच्या पाच मिनिटं आधी मी या कारखान्यात रंगीत होते. घंटा झाली, फाटकाबाहेर पडले आणि तुमच्या हिशेबी राखाडी झाले. त्या पाच मिनिटांत माझा कुठला रंग उडाला साहेब? गोल गोल नको. शेड नंबर सांगा.”