साहेबांचा आवाज

बाबांना जाऊन महिना झाला होता. लेक त्यांच्या खोलीतले पाने-पक्कड खोक्यात भरत होती, तेवढ्यात दाराशी काठी टेकत एक म्हातारा येऊन उभा राहिला. लंगडत होता, पण पाठ अजून ताठ.

"मी साहेबांच्या पलटणीतला हवालदार. बातमी उशिरा कळली, ताई."

तिने त्याला बसवलं, चहा टाकला.

बाबा सैन्यात इंजिनिअर होते. पूल बांधायचे, वेळ आली की उडवायचेही. तिथून सुटल्यावर वीस वर्षं शहराच्या पाणीपुरवठ्यात काढली. चालत्या पंपावर तळहात ठेवून सांगायचे, "याचं बेअरिंग चार दिवसांत जाणार." आणि ते जायचंच. कामगार त्यांना 'वैद्यबुवा' म्हणत. घरात मात्र गेली कित्येक वर्षं माणूस अगदी घुम्या. 'हो', 'नाही', 'बघू', बस्स. चौथा शब्द निघाला की आई म्हणायची, "आज तब्येत बरी आहे ना?"

हवालदार मात्र चहाचा घोट घेऊन हसला. "काय आवाज होता साहेबांचा! या काठावरून हाक मारली की पलीकडचा जवान खाडकन उभा. आणि बोलके किती! एक घास, दहा किस्से."

"आमचे बाबा?" तिला आता गप्प बाबाच आठवत होते.

"तुमचेच. एकदा पूल उडवायचा होता. वात पेटवली आणि माझा पाय फळ्यांत अडकला. सगळे पळाले, साहेब मागे फिरले. मला ओढून काढलं, पण स्फोट जवळच झाला. माझा पाय कसाबसा वाचला. त्यांचा डावा कान गेला तो गेलाच, उजवाही अर्धाच राहिला. तेव्हापासून स्वतःचा आवाज त्यांना नीट कळायचा नाही. म्हणून मोठ्याने बोलायचे."

घरात त्यांनी सांगितलं होतं, पंपांच्या घरघरीने कान बसले. सगळ्यांनी ते खरं मानलं होतं.

"दरसाल भेटायला यायचे," हवालदार सांगत होता. "एका वर्षी आले ते कुजबुजतच. मी विचारलं, तर म्हणाले, मुलगी आता नोकरीला लागली, घरी चार मोठी माणसं येतात. माझा आवाज कधी चढतो ते मला कळत नाही. त्यापेक्षा गप्प बरा."

तिने हातातली बशी खाली ठेवली.

तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. कॉलेजात पहिलीच नोकरी, आणि प्राचार्य घरी चहाला आलेले. बाबा पंपाची कसलीशी गंमत घर दणाणून सांगत होते. तिने त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि दात-ओठ खात म्हटलं, "हळू बोला ना, बाबा! गल्लीभर ऐकू जातंय. लाज वाटते मला." बाबा "बरं" म्हणाले. बाहेर जाऊन बसले आणि प्राचार्यांच्या प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवत राहिले. तिला हायसं वाटलं होतं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

"ते मीच म्हटलं होतं त्यांना," ती म्हणाली.

हवालदार ओशाळला. "ताई, साहेब रागाने नव्हते हो बोलले."

"रागावले असते तर बरं झालं असतं. मी निदान माफी तरी मागितली असती."

तो गेल्यावर तिने परगावच्या भावाला फोन लावून सगळं सांगितलं.

"अगं, बाबा मुळातच अबोल होते," भाऊ म्हणाला.

"नव्हते. मी केलं त्यांना तसं."

मग तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत होतो. तू म्हणालीस ते ऐकलं होतं मी. मला बरं वाटलं होतं गं. वाटलं, चला, कोणीतरी बाबांना बोललं एकदाचं."

फोन ठेवावा असं दोघांनाही वाटेना.